डाव्या कोपराची खळगी

निहाल शौकतच्या हातातला चहाचा पेला कलला, अर्धा चहा रेशमी झग्यावर सांडला, आणि तरी तिला तो गरम लागला नाही. समोर टीव्हीवर रमजानच्या नव्या मालिकेची जाहिरात चालू होती. मालिका तिच्याच आयुष्यावर होती. शिरवेत नावाची कुणी बावीस-तेवीस वर्षांची पोरगी निहाल शौकत झाली होती, आणि इथवर काही बिघडलं नव्हतं. केसांचा फुगा, भुवईची कमान, सिगारेट धरताना करंगळी वर ठेवायची ऐट, हे सगळं फोटोंवरून उचलता येतं. पण जाहिरातीच्या शेवटी ती पोरगी एका बंद दाराशी थांबली, तिने कोपर वर उचललं, कोपराच्या आतल्या खळगीशी नाक नेलं, एकदाच हुंगलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली. निहालने टीव्ही बंद केला तो इतक्या घाईने, की कुणी पाहिलं असतं तर चोरी तिचीच पकडली गेली असं वाटलं असतं. आत स्वयंपाकघरात तफीदा दोन मुठींच्या वाकड्या सुरीने मुलुखियाची भाजी चिरत होती. टक टक टक. आता ती टकटक थांबली होती. टीव्ही बंद झाल्यावर थांबली, की त्याच्या आधी, जाहिरात लागली तेव्हाच? निहालला आठवेना. आणि हे न आठवणंच तिच्या छातीत पालीसारखं चिकटून बसलं.

"टीव्ही का बंद केलात बाई?" आतून आवाज आला.

"डोकं चढलंय."

"चढणारच. सकाळपासून पोटात भाकरीचा तुकडा नाही. लसूण परतते आता, वास आला की उतरेल."

आवाज नेहमीचाच होता. नेहमीचाच कसा काय होता? खोटं बोलणाऱ्याचा आवाज नेहमीपेक्षा जास्त नेहमीचा असतो, हे निहालला माहीत नसेल तर कुणाला असणार? एक्केचाळीस चित्रपटांत ती हेच तर करत आली होती. दमन्हूरच्या रेल्वे सिग्नलवाल्याची मुलगी वहीबा कैरोला आली, निर्मात्याने तिला एका दुपारी निहाल शौकत करून टाकलं, आणि त्यानंतर तिने जे काही नेहमीचं म्हणून केलं ते सगळं शिकून केलेलं होतं. एक गोष्ट सोडून. तिचं रडणं. बाकीच्या नट्या डोळ्यांत ग्लिसरीन घालून रडायच्या, निहाल शौकत नाही. "ग्लिसरीनशिवाय रडणारी बाई" म्हणून अख्खा अरब मुलूख तिला ओळखायचा, बगदादच्या बायका तिच्या चित्रपटाला चार चार रुमाल घेऊन जायच्या. मासिकवाले विचारत, तुम्ही त्या वेळी कुणाला आठवता? ती म्हणायची, आसवं अल्ला पाठवतो. त्यांना ते पुरत नसे. मग त्यांनी तिला दुःखं वाटायला सुरुवात केली. कुणी मेलेली आई दिली, कुणी बालपणीची उपासमार, आणि एकाने तर तिच्या नावावर एक विमान कोसळून मेलेला प्रियकर काढला. तो इतका देखणा लिहिला होता की तो आपल्याला कधी भेटलाच नाही याचं निहालला दोन दिवस खरोखर वाईट वाटलं! खरी गोष्ट एवढीएवढीशी होती. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी ती सेटच्या मागे भिंतीकडे तोंड करून उभी राही, तफीदा शाल पसरून आडोसा धरी, आणि निहाल डावं कोपर उचलून खळगी हुंगी. बस. पाणी यायचं. हे जगात दोन माणसांना ठाऊक होतं. अल्लाला धरलं तर तिघांना, आणि अल्ला काही मालिकावाल्यांना फोन करत नाही.

शिवाय चोरलं तेही उलटं! पोरीने उजवं कोपर हुंगलं होतं. निहालचं डावं, कायम डावं. यातून काय समजायचं? तफीदाने तोंडी सांगितलं असेल, आणि त्या दीडशहाणीने डावं-उजवं गोंधळवलं असेल. किंवा तफीदाने मुद्दामच उलटं सांगितलं असेल, म्हणजे उद्या पकडली गेली तर मान वर करून म्हणायला मोकळी: बाई, तुमचं तर डावं ना, हे कुठे तुमचं? हा दुसरा विचार निहालला इतका पक्का वाटला की तफीदाच्या हुशारीचं तिला क्षणभर कौतुकच वाटलं. मग कौतुक ओसरलं आणि भीती उरली. कारण संशय तिने आजवर सगळ्यांचा घेतला होता. दिवेवाला समोरच्या नटीला जास्त उजेड देतो म्हणून, केशभूषावाली दुसऱ्या नवऱ्याला चिठ्ठ्या पोचवते म्हणून, तिसरा नवरा झोपेत फार सावधपणे घोरतो म्हणून. पुष्कळदा ती बरोबर निघाली होती, हे तिचं दुर्दैव. पण तफीदा त्या सगळ्याच्या बाहेर होती. नवरे आले नि गेले, स्टुडिओची कुलपं गंजली, फोन वाजायचा थांबला, आणि रोज सकाळी नऊला पुलापलीकडच्या बुलाकहून तफीदा येतच राहिली. तीही तसलीच निघाली, तर झमालेकच्या या सहा खोल्यांत निहाल शौकतसोबत उरेल कोण? सहा खोल्या.

जेवण वाढताना तिने नीट पाहिलं. तफीदाच्या नाकावर नवा चष्मा होता. सोनेरी काडीचा! किती दिवस होता तो? आठवडा? जुन्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली असायची, ते दोऱ्याचं बोंडूक निहालच्या डोळ्यांसमोर आलं, पण ते शेवटचं कधी पाहिलं ते काही आठवेना. माणूस रोज समोर असलं की दिसायचं थांबतं. "मंगळवारी उशीर झाला होता तुला," ती सहज म्हणाली. सहज म्हणायला तिला तीनदा घोट घ्यावा लागला.

"पुलावर गाड्या अडल्या होत्या."

"तू चालत येतेस ना?"

"म्हणजे काय, गाड्या अडल्या की चालणारं माणूस उडतं होय? भाजी घ्या, निवतेय."

संध्याकाळच्या आत ती खाली उतरली, फिरायचं निमित्त काढून. दारावर इद्रिसचाचा बसला होता, तीस वर्षं त्याच बाकावर. बाकालाही आता त्याचा आकार आला होता.

"चाचा, तफीदाला हल्ली उशीर होतो का रे?"

"तोबा! मी कुणाच्या वेळा बघत नाही बाईसाहेब. दारवानाने बघू नये. मंगळवारी साडेदहा. लाल गाडीतून उतरली, पुलाच्या तोंडाशी, इथवर नाही आली. गाडीत पोरगी होती. काळा चष्मा, हा एवढा, कपाळापासून हनुवटीपर्यंत. दोघी हसत होत्या. पण मी बघत नाही."

हसत होत्या. ते एक वाक्य घेऊन निहाल वर आली, आणि ते तिच्याबरोबर लिफ्टमध्ये चढलं, सोफ्यावर बसलं, रात्रभर उशीला डोकं टेकून जागं राहिलं. तफीदा हसते? निहालने तिला हसताना पाहिलं होतं का? मनात शोधायला गेली तर तफीदाचा चेहरा नेहमी एकाच जागी सापडे: आरशात, आपल्या खांद्याच्या मागे, ओठांत टाचण्या धरलेला. टाचण्या धरलेलं तोंड हसणार कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे चढवताना ते झालं. निहाल आरशासमोर उभी, तफीदा मागून हूक लावत होती, खालून वर, एकेक. चाळीस वर्षांत निहालने स्वतःच्या पाठीचा हूक स्वतः लावला नव्हता.

"चष्मा छान आहे," निहाल आरशातल्या तफीदाला म्हणाली. "कुणी दिला?"

"मिळाला."

"झाडाला लागतात वाटतं हल्ली? लाल गाडीवालीने दिला ना?"

हूक लावणारी बोटं थांबली. "सुई ओवता येत नव्हती मला. तिने पाहिलं, आणि ओढून दुकानात नेलं. नको म्हटलं तरी ऐकेना. बडबडी पोर आहे."

"आणि तू? तू किती बडबडलीस?"

"तुमच्याबद्दल मी तिच्याजवळ एक अक्षर बोललेले नाही, बाई."

"मग तिला कसं कळलं?"

"काय कळलं?"

कोपर, हा शब्द निहालने आजवर मोठ्याने कधी उच्चारलाच नव्हता, तफीदापाशीसुद्धा नाही. "तुला माहीत आहे काय ते!" ती ओरडली.

आरशातली तफीदा तिच्याकडे बघत राहिली. "हो," ती म्हणाली, "मला माहीत आहे काय ते." तिने घराची किल्ली कमरेच्या नाडीतून सोडवली, पावडरच्या डब्याशेजारी ठेवली आणि निघून गेली. वरचा हूक उघडाच राहिला.

ही कबुलीच होती. कबुली नसती तर भांडली नसती का? निहालने हे वाक्य दोन दिवस घरभर फिरवलं, प्रत्येक खोलीत बोलून पाहिलं आणि प्रत्येक खोलीत ते थोडं निराळं ऐकू आलं. मुलुखिया शिळी झाली. तिसऱ्या दिवशी तिने काळा झगा काढला, हात मागे वळवून वळवून हूक लावले, सगळ्यात वरचा काही केल्या लागेना. मान मोडून ती आरशात बघत होती, आणि आरशात तिच्या खांद्यामागे कुणी नव्हतं. ती जागा इतकी रिकामी होती की निहालने तिथून नजर काढून घेतली. शाल ओढली, किल्ली मुठीत घेतली आणि खाली उतरली. किल्ली परत द्यायला निघाली होती का? छे. दोघींना एकत्र पकडायचं होतं. निदान इद्रिसचाचाच्या समोरून जाताना तिने चेहरा तसा केला होता.

बुलाकची गल्ली तिने एक्केचाळीस चित्रपटांत सात वेळा पाहिली होती, सातही वेळा पुठ्ठ्याची. खऱ्या गल्लीत मुळ्यांच्या जुड्या मांडून बसलेल्या बाईने तिला खालून वर न्याहाळलं. "तफीदा? कुणाची आई?"

"कुणाची नाही. तफीदा. शिवणकाम करते."

"हां, म्हणजे नुसती तफीदा!" बाई मोठ्याने हसली. "असं सांगा ना. इथे हसनची आई आहे, रमदानची आई आहे, चांगल्या चार जमालच्या आया आहेत, नुसती एकच. ते हिरवं दार. आणि राग नका मानू, पण तुम्ही त्या टीव्हीवरल्या शिरवेतसारख्या दिसता हो थोड्या. तिची कुणी मावशी-बिवशी का?"

हिरव्या दारापासून दहा पावलांवर लाल गाडी उभी होती. निहालच्या अंगात एक हलकंसं, लाजिरवाणं सुख पसरलं. आपण बरोबर निघालो! दार अर्धवट उघडं होतं. तिने चपला वाजू दिल्या नाहीत. आत तफीदा इस्त्री केलेले कपडे घडी करून टोपलीत ठेवत होती आणि शिरवेत जमिनीवर मांडी ठोकून भोपळ्याच्या बिया फोडत बसली होती. कुणीच बोलत नव्हतं. तफीदाने एक सदरा घडी केला. दुसरा केला. मग दोन सदऱ्यांच्या मध्ये, केसांची बट मागे सारावी इतक्या सवयीने, तिने उजवं कोपर उचललं, खळगीशी नाक नेलं, हुंगलं आणि तिसरा सदरा घेतला. चेहऱ्यावर काही नाही. ना डोळ्यांत पाणी, ना काही. पण शिरवेतचा बिया फोडणारा हात थांबला होता. ती बघत होती. मान किंचित पुढे, ओठ मिटलेले, डोळे कापड पारखणाऱ्याचे: कुठे फाटतं, कुठे शिवता येईल, आपल्या अंगाला बसेल का. ती नजर निहालने ओळखली. आपला स्वतःचा जुना फोटो ओळखावा तशी ओळखली.

कारण ती सकाळ आता सगळीच्या सगळी परत आली, तिला न विचारता. ग्लिसरीनने डोळ्यांचे निखारे झालेले, बाहेर दिग्दर्शक फह्मी ओरडतोय, "रडणार आहे का ही पोरगी, की परत पाठवू दमन्हूरच्या गाडीने!" विधवेचे काळे कपडे, आरसा, आरशाभोवती दिवे. आणि खांद्यामागे टाचण्या तोंडात धरून नवी कपडेवाली तफीदा, बाळंतीण, जिला इतक्यात कामावर यायला नको होतं. मूल सहाव्या दिवशी गेलं होतं. सातव्या दिवशी मेणबत्त्या लावायच्या असतात, प्रत्येक मेणबत्तीला एकेक नाव, जी शेवटपर्यंत जळेल ते नाव बाळाचं. मेणबत्त्या आणून ठेवल्या होत्या म्हणे. लावायची वेळच आली नाही. म्हणून ती कुणाचीच आई झाली नाही, नुसती तफीदा राहिली. हे स्टुडिओत सगळे कुजबुजत होते आणि निहालनेही ऐकलं होतं. आरशातल्या तफीदाने कोपर उचललं, जिथे बाळाचं डोकं टेकायचं ती खळगी हुंगली, आणि तिचा चेहरा पाण्यात पडलेल्या कागदासारखा झाला. निहालला तेव्हा वळता आलं असतं. एक पाऊल, अर्धं पाऊल. वळून तिला जवळ घेता आलं असतं. ती वळली नाही. ती आरशात बघत राहिली, एकदा, मग पुन्हा एकदा, नीट. आणि मग तिने स्वतःचं कोपर उचललं. तिथे पावडरचा वास होता, दुसरं काही नाही. तरी पाणी आलं, आणि बाहेर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचा चेहरा पुसला तो तफीदाने. हे सगळं ती विसरली कधी? की विसरलीच नव्हती, फक्त कधी तिकडे वळली नव्हती?

"या अल्ला, आंटी!" शिरवेत उभी राहिली, बिया सांडल्या. "आंटी, तुम्ही इथे? बसा ना! मी खूप वेळा यायचं म्हटलं तुमच्याकडे, पण निर्माते म्हणाले तुम्ही माणसं हाकलता, म्हणून मग तुमची कपडेवाली शोधत इथे आले. आणि तफीदाखाला तर तुमचं नाव काढलं की तोंडात टाचण्याच घालते, शपथ! मी तिला म्हटलं, एक गोष्ट सांग गं, एकच, तर म्हणे बिया खा."

"ते," निहाल म्हणाली. "कोपराचं. ते कुठून घेतलंस?"

पोरगी लाजली, अगदी कानांपर्यंत. "जाहिरातीत पाहिलंत? ते खालाचं आहे. ती करते ना तसं, मधूनच. का करते माहीत नाही, विचारलं तर सांगत नाही. पण मला रडूच येत नव्हतं आंटी, आणि तुम्ही तर ग्लिसरीन वापरत नव्हता, सगळे माझ्या जिवावर उठलेले. मग मी ते करून पाहिलं. आणि आलं पाणी! तुमच्या भूमिकेत दुसऱ्याचं घुसवलं, चुकलं का माझं?"

तफीदाने सदरा टोपलीत ठेवला. "शिरवेत, जा, कोपऱ्यावरून गरम भाकऱ्या आण. चार."

"तिघीच तर आहोत."

"चार आण म्हटलं ना."

पोरगी गेली. खोलीत इस्त्रीच्या कापडाचा वास होता. निहालला बोलायचं होतं, पण घशात शब्द येण्याआधी तिचा डावा हात आपोआप वर येऊ लागला. तिच्याकडे रडायची दुसरी रीत नव्हती.

"उजवा," तफीदा म्हणाली.

"काय?"

"तो माझ्या उजव्या हातावर निजायचा. तुम्ही आरशात पाहिलंत, म्हणून तुमचं डावं झालं." तिने पुढचा सदरा उचलला, झटकला. "मला वाटायचं एखाद्या दिवशी वळाल आणि मग कळेल. शाल धरून उभी राहायची मी तुमच्यामागे, आणि मनात म्हणायची, चुकीचा हात आहे बाई, चुकीचा. बरंच होतं म्हणा. माझा माझ्यापाशी राहिला."

निहालने हात खाली घेतला. तो तिला जड लागला, कुणीतरी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा. तिने विचारलं, "मेणबत्त्या किती होत्या?"

"तीन."

"नावं काय होती?"

तफीदाने नवा चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि निहालकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर निहालने तो झेलला असता. तिथे ती जुनी, सावध, दार किंचितच उघडून बाहेर कोण आलंय बघणारी नजर होती, जी निहालला वाटे जगात आपली एकटीचीच आहे.

"ते नाही सांगायची," तफीदा म्हणाली. "तुम्ही तेही कुठेतरी वापराल."

बाहेर मुळेवाली कुणाशी तरी खिदळत होती. निहालने मूठ उघडली. किल्लीचा ठसा तळहातात लाल उमटला होता. तिने ती टोपलीच्या कडेला ठेवली. तफीदाने ती उचलली नाही, आणि बाजूलाही सारली नाही.

"शाल काढा," ती म्हणाली. "वरचा हूक उघडाच असणार तुमचा. अशा आलात पूल ओलांडून? शाल घसरली असती तर अख्ख्या बुलाकने पाठ पाहिली असती. वळा."

निहाल वळली. समोर नुसती भिंत होती, निळ्या चुन्याची, खिळा नसलेली. या खोलीत आरसा नव्हता. मानेला थंड बोटं लागली, ओळखीची. मागे तफीदाचा चेहरा आत्ता कसा झाला असेल, टाचण्या नसलेलं ते तोंड काय करत असेल, हे बघायला तिला फक्त वळायला हवं होतं. तिने मान फिरवली.

"हलू नका, बाई," तफीदा म्हणाली. "अजून लागलेला नाही."